टायननांच्या ट्रॅक्टरवरचा माणूस

फिंटन टायनन नोव्हेंबरात गेला आणि फेब्रुवारीत जुन्या ट्रॅक्टरांची नांगरट, म्हणजे दरवर्षीची नांगरण्याची स्पर्धा, भरली ती नेमकी त्याच्याच शेतात. ओढ्याकडे उतरत गेलेलं ते लांबट रान त्यानं हयात असतानाच ट्रॅक्टरवाल्यांच्या क्लबला कबूल केलं होतं. मेलेल्या माणसानं दिलेला शब्द मागं कोण घेणार? त्याची बायको फिलोमिना म्हणाली, "येऊ देत सगळ्यांना. आणि आमचाही ट्रॅक्टर उतरेल. तो शेडमध्ये उभा राहून बाकीच्यांचे आवाज ऐकत बसलेला मला नाही बघवणार."

तिचा ट्रॅक्टर म्हणजे करडा फर्ग्युसन, फिंटनच्या बापानं घेतलेला. चालवायला बसला शेजारचा कोलमन बर्गिन. कोलमन पन्नाशी ओलांडलेला, एकटा, आणि इतका अबोल की गुरांच्या बाजारात तो दोन वाक्यं सलग बोलला तर लोक घरी जाऊन बायकांना सांगत. नांगर लावायला त्याला फिंटननंच शिकवलं होतं. त्या दिवशी वारं असं बोचरं सुटलं होतं की फिलोमिनानं घरातून फिंटनचा तपकिरी कोट आणि टोपी आणली आणि कोलमनच्या अंगावर चढवली.

"घाल रे. कपाटात ठेवून त्याचं काय लोणचं घालायचंय?"

कोलमननं निमूट घातला. बटणं तुटलेली होती म्हणून कमरेला सुतळी बांधली. फिंटनही तशीच बांधायचा.

बांधावरच्या काटेरी झुडपांना पाठ लावून ग्रेटा क्वर्क कॅमेरा घेऊन उभी होती. बॅलीकूलन गावात फोटोचं दुकान तिचं एकटीचं. पासपोर्टचे फोटो, लेकरांच्या चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनचे, म्हणजे पहिल्या प्रसादाचे, फोटो, लग्नं. आणि कुणी गेलं की त्याचं स्मरणकार्ड, म्हणजे वर हसरा चेहरा, खाली प्रार्थना आणि सगळं प्लास्टिकमध्ये बंद. पण तिचा खरा हंगाम नांगरटीनंतरचा. त्या दिवशी काढलेल्या फोटोंच्या चौकटी, चहाचे मग, उशांचे अभ्रे, तुकडे जोडायची कोडी असं काय काय ती करून देई. "आमच्याकडच्या पुरुषांना लग्नाचा फोटो नसला तरी चालतो," ती म्हणायची, "ट्रॅक्टरचा मात्र दिवाणखान्यात पाहिजे."

कोलमननं नांगराचं पहिलं तास, म्हणजे पहिली रेघ, धरलं ते ओळंब्यात धरावं तसं सरळ. ओली काळी माती फाळावरून पलटत होती आणि मागून पांढरे पक्षी तिच्यावर उतरत होते. ग्रेटानं त्याचे बरेच फोटो घेतले. नांगरणाऱ्याची नजर मागं फाळावर असते, तशी त्याचीही सगळ्या फोटोंत मागंच होती. फक्त एकदा, शेताच्या टोकाला ट्रॅक्टर वळवताना, त्यानं मान वर केली, तिच्याकडे पाहिलं आणि कसंनुसं हसला. तेवढा एकच फोटो समोरून आला. शेवटी त्याला तिसरा क्रमांक मिळाला. क्लबचा अध्यक्ष नेड फेलन यानं सगळ्यांदेखत त्याचा हात हलवून हलवून दुखवला, मग सगळे शेडमध्ये चहा आणि हॅमचे सँडविच खायला गेले.

पुढच्या आठवड्यात फिलोमिना दुकानात आली. ग्रेटानं तिला कॉम्प्युटरवर फोटो दाखवले. समोरून आलेल्या फोटोपाशी म्हातारी थांबली. कितीतरी वेळ बघत राहिली.

"कोट त्याचा," ती म्हणाली. "टोपी त्याची. ट्रॅक्टर त्याचा, रान त्याचं. नाही का गं?"

"हो ना, फिलोमिनाबाई."

"मग फक्त चेहराच तेवढा चुकलाय."

ग्रेटाला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा ती खुर्चीत मागं सरकली. "तसं नाही हो करता येत."

"येत नाही की करायचं नाही? मागल्या वर्षी त्या डाउलिंगच्या पोरीच्या लग्नात तिच्या दिराचे मिटलेले डोळे उघडून दिलेस ना तू? मला सगळं माहितेय. पोरी, एकच कर. माझ्या स्वयंपाकघरात लावीन. कोण बघायला येतंय?"

नवरा गेल्यापासून ही बाई भर चर्चमध्येसुद्धा रडली नव्हती. आताही रडत नव्हती. नुसती पर्स पोटाशी धरून बसली होती. ग्रेटा हो म्हणाली.

स्मरणकार्डासाठी वापरलेला फिंटनचा फोटो तिच्याकडे होताच. त्यातही तो टोपीतच होता. असली कामं किचकट असतात. मानेपाशी रंग जुळत नाही, उजेड एकीकडून तर सावली भलतीकडून, तासन्‌तास डोळेफोड करावी लागते. त्या दिवशी तसलं काही झालं नाही. तिनं चेहरा उचलला, ठेवला आणि तो बसला. उजेड त्याच बाजूनं, मानेचा कल तोच, टोपीची सावलीसुद्धा कपाळावर हवी तिथं. जणू जागा राखूनच ठेवली होती. ग्रेटाला काम लवकर संपल्याचा आनंद व्हायला हवा होता. तिनं उठून हात धुतले, साबण लावून, आणि पुन्हा एकदा धुतले.

फिलोमिनानं चौकट पाहिली आणि म्हणाली, "आलास का रे." एवढंच. मग फडक्यात गुंडाळून घेऊन गेली.

उन्हाळ्यात तिनं त्याच फोटोचे मग मागवले, भावंडांना द्यायला. ग्रेटानं दिले. एकदा केलेल्या गोष्टीला दुसऱ्यांदा नाही म्हणायला तोंड उरत नाही.

कापणी आटोपली तेव्हा नेड फेलन दुकानात आला. क्लबचं पुढल्या वर्षाचं कॅलेंडर दरसाल ग्रेटाच छापायची. नेड लालबुंद गालांचा, ठसक्यानं बोलणारा माणूस. काउंटरवर दोन्ही कोपरं टेकून म्हणाला, "मार्च महिन्याला फिंटनचा तो फोटो घाल. टायननांच्या घरी पाहिला मी. झकास आलाय गडी!"

ग्रेटाला वाटलं, म्हातारीला बरं वाटावं म्हणून हा म्हणतोय. "नेड, तो फोटो तसा नाहीये. त्या दिवशी ट्रॅक्टरवर कोलमन होता."

"कोण कोलमन?"

"कोलमन बर्गिन! तुम्हीच नाही का त्याचा हात हलवलात?"

नेडनं कपाळाला आठ्या घातल्या. "बर्गिन यंदा कुठं आला होता? मी त्याला विचारणारच होतो. फिंटननं नांगरलं की. तिसरा आला. पहिलं तास काय सुरेख काढलं होतं त्यानं, डोळ्यांसमोर आहे माझ्या."

"फिंटन नोव्हेंबरात गेला, नेड. शवपेटीला खांदा दिलात तुम्ही."

"दिला की," नेड म्हणाला. "देव त्याला शांती देवो. काय पाऊस होता त्या दिवशी!" आणि क्षणभर थांबून, त्याच सुरात, "पण नांगरटीला होता तो."

तो थट्टा करत नव्हता. दोन्ही गोष्टी त्याच्या डोक्यात शेजारी शेजारी बसल्या होत्या आणि एकमेकींना धक्काही लावत नव्हत्या.  कॅलेंडरात तो फोटो घालायचा नाही असं ग्रेटानं ठरवलं. पण क्लबच्या बाकीच्या मंडळींनीही तोच मागितला, फिलोमिनाही हो म्हणाली, आणि खरं सांगायचं तर पुन्हा एकदा तोंड उघडून सगळ्यांना वेड्यात काढायचा धीर ग्रेटाला झाला नाही. मार्चच्या पानावर फिंटन छापला गेला आणि बॅलीकूलनच्या घराघरांत पोचला.

नाताळ जवळ आला होता, तेव्हा एका दुपारी ग्रेटा दुकानात कागद कापत बसली होती. मान वर केली तर काउंटरपाशी कोलमन उभा. किती वेळचा उभा होता कोण जाणे. तो वाळला होता. अंगावर तोच तपकिरी कोट होता.

"अरे! हाक तरी मारायचीस."

"मारली," कोलमन म्हणाला. "दोनदा."

तिनं त्याला बसायला खुर्ची दिली. टोपी हातात फिरवत तो, त्याच्या मानानं पुष्कळच, बोलायला लागला.

"माझा तो फोटो हवा होता, ग्रेटा. नांगरटीचा. बॉस्टनला बहिणीला पाठवायचा होता. पण तिला पाठवायचंय म्हणून नाही आलो खरं तर. मलाच बघायचाय. नेडनं बाजारात विचारलं, यंदा का नाही आलास म्हणून. म्हटलं, आलो होतो, तिसरा आलो. हसला तो. बाकीचेही हसले. मग रविवारी चर्चमध्ये बसलो होतो, तर डाउलिंगबाई आल्या आणि त्यांनी पर्स माझ्या मांडीवर ठेवली. बाकावर ठेवावी तशी. मी खाकरलो तेव्हा दचकल्या."

ग्रेटाला हसू आलं आणि लगेच विरलं, कारण तो हसत नव्हता.

"मी होतो ना तिथं?" कोलमननं विचारलं.

ग्रेटानं त्याला सगळं सांगितलं. फिलोमिनाचं मागणं, तो चेहरा, ते मग, ते कॅलेंडर. सांगताना तिनं एकीकडे मूळ फोटो शोधायला घेतला, त्याच्या हातात द्यावा म्हणून. मूळ सापडेना. समोरून घेतलेला, ज्यात कोलमन हसला होता तो. तिनं त्याची वेगळी प्रत करून मगच काम केलं होतं, अशी तिची खात्री होती. पण होता तो एकच, फिंटनचा. बाकी सगळ्या फोटोंत कोटाची पाठ, टोपी आणि मागं वळलेली मान. त्यांतला माणूस कोणीही असू शकला असता.

"चुकून त्याच्यावरच साठवला असणार मी," ती म्हणाली. "माझंच चुकलं, कोलमन. माफ कर रे."

कोलमन रागावला नाही. तो रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. "मी रोज जातो तिच्याकडे," तो म्हणाला. "कोळसा आणून द्यायला, कोंबड्या कोंडायला. कोटही परत घेऊन गेलो होतो, तर म्हणाली, थंडी सरू दे. हल्ली ती मला फिंटन म्हणून हाक मारते."

"म्हातारी झाली रे ती. चुकत असेल."

"असेल. पण, ग्रेटा, मी ओ देतो."

त्यानं टोपी डोक्यावर ठेवली. तिनं म्हटलं, इथंच बैस, आत्ता नवा फोटो काढते. तो नको म्हणाला. दुकानातल्या पांढऱ्या पडद्यापुढचा फोटो कशाला? तो त्या रानात होता, एवढंच त्याला कुणीतरी दाखवायला हवं होतं.

तो गेल्यावर ग्रेटानं दुकानाला कुलूप लावलं आणि सरळ टायननांच्या घरी गेली.

फिलोमिना पाव भाजत होती. स्वयंपाकघर उबदार होतं, खिडकीतून पांढरा उजेड येत होता, फडताळात त्या फोटोच्या मगांची ओळ. चौकट शेगडीच्या वर टांगलेली होती. ग्रेटानं मनाशी ठरवलं होतं: आधी चौकटीतला जोड दाखवायचा, कॉलरपाशी जिथं तिनं एक माणूस संपवून दुसरा सुरू केला होता तिथं. म्हणजे म्हातारी भानावर येईल. ती शेगडीजवळ गेली, चष्मा पुसला, पाहिलं.

जोड कुठंच नव्हता. मान कोटातून वर आली होती, जशी सगळ्यांची येते.

आणि बघता बघता तिला आठवलं. शेताच्या टोकाला ट्रॅक्टर वळवताना फिंटन ओरडला होता, "ग्रेटा, पोरी, पोट जरा कमी दिसेल असं बघ हं!" वाऱ्यावरून आलेला तो घोगरा आवाज. ती हसली होती. कॅमेरा हलला होता. आठवलं म्हणजे असं आठवलं की हातात घेऊन दाखवावं. त्याच्या हनुवटीवर राहिलेला दाढीचा पांढरा खुंटही तिला दिसला.

तिनं टेबलाची कड धरली. "कोलमन," ती मोठ्यानं म्हणाली. "कोलमन बर्गिन. कोलमन बर्गिन होता तो."

"बैस," फिलोमिना म्हणाली. "पडशील."

ग्रेटा बसली. म्हातारीनं तिच्यापुढे चहा ठेवला. साधाच कप घेतला, फोटोचा नाही. मग स्वतःही बसली, पिठाचे हात मांडीवर ठेवून.

"तुला वाटतंय मला वेड लागलंय," ती म्हणाली. "वेड लागलं असतं तर सोपं होतं. मला माहितेय तो कोण आहे. पहिल्यांदा जीभ चुकली माझी. कोंबड्या ओरडत होत्या, मी गडबडीत म्हटलं, फिंटन, दार लाव. आणि त्यानं लावलं. दुसऱ्यांदा जीभ चुकली नाही. दुसऱ्यांदा मी बघितलं, येतो का ते."

"आणि?"

"आला की. दारात उभा राहून म्हणाला, काय गं, मिना?" फिलोमिनाचा आवाज बारीक झाला. "मला मिना म्हणणारा एकच माणूस होता, ग्रेटा. ते कोलमनला कुणी सांगितलेलं नाही. मी तर नाहीच."

बाहेर कोंबड्या खुडखुडत होत्या. 

"मला भीती वाटायला हवी होती," म्हातारी म्हणाली. "तर मी त्याला बटाटे वाढले."

"तो झिजत चाललाय, फिलोमिनाबाई. चर्चमध्ये बायका त्याच्यावर पर्स ठेवतात."

"कोण म्हणतं?"

"तोच सांगत होता."

फिलोमिना उठली. ग्रेटाला वाटलं, आता घराबाहेर काढणार. पण ती स्टुलावर चढली, कुणाचा हात न घेता. चौकट काढली आणि टेबलावर पालथी ठेवली. वर तळहात ठेवून उभी राहिली, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

"तो दोनदा जाणार म्हणजे," ती म्हणाली. "बरं. एकदा सोसलं, तसंच आणखी एकदा. येत्या नांगरटीला कोलमनच बसेल ट्रॅक्टरवर. स्वतःच्या कपड्यांत. आणि तू नीट काढ त्याला."

फेब्रुवारीत नांगरट फेलनांच्या रानात भरली. ग्रेटा पहाटेपासून कामाला लागली होती. कोलमन त्याच्या निळ्या जाकिटात आला, डोक्यावर काही नाही, केस वाऱ्यानं उभे. बहिणीनं बॉस्टनहून पाठवलेला लाल मफलर त्यानं गळ्याला गुंडाळला होता. ग्रेटानं बांधावर उभं राहून फोटो काढणं त्या दिवशी सोडून दिलं. चिखल तुडवत ती ट्रॅक्टरच्या पुढं पुढं चालत गेली आणि दर वळणाला घसा फोडून ओरडली, "कोलमन! इकडं बघ! कोलमन बर्गिन!" बघे हसले. "काय गं ग्रेटा, प्रेमात पडलीस की काय?" कुणीतरी ओरडलं. "पडले!" ती म्हणाली. "नाव लक्षात ठेवा त्याचं!"

चहाच्या शेडमध्ये तिनं छपाईचं यंत्र आणूनच ठेवलं होतं. फोटो तिथल्या तिथं छापला, चांगला मोठा, खाली ठळक अक्षरांत नाव, आणि भिंतीला लावला. येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात एक छोटी प्रत कोंबली. घरच्या कॅलेंडरातलं मार्चचं पान फाडा आणि हे लावा, असं बजावलं. नेड फेलन सँडविच चावत भिंतीपुढं बराच वेळ उभा राहिला. 

"बर्गिन," तो अखेर म्हणाला. "हा गेल्या साली पण होता, नाही का? तिसरा आला होता." मग मागं वळून ओरडला, "कोलमन! लेका, तोंड लपवून कुठं बसलायस? इकडे ये!" आणि त्याचा हात धरून हलवायला लागला.

ग्रेटा शेडच्या मागं जाऊन रडली, आणि नाक शिंकरून परत आली.

सगळं जागेवर आलं, निदान गावापुरतं. गुरांच्या बाजारात लोक कोलमनला हाका मारू लागले. डाउलिंगबाई त्याच्या शेजारी बसायच्या आधी "सरक रे" म्हणू लागल्या. फोटोचे ते मग फिलोमिनानं भावंडांकडून एकेक करून परत मागवले आणि परसात पुरले. फिंटन नांगरटीला होता असं आता कुणी म्हणत नसे. ग्रेटाच्या डोक्यातून मात्र ती हाक काही गेली नाही. पोट जरा कमी दिसेल असं बघ हं. ती तिनं कुणाला सांगितली नाही.

ईस्टरच्या सुमारास ती टायननांकडे चहाला गेली. ऊन पडलं होतं. दोघी दाराबाहेर बाकावर बसल्या होत्या आणि खालून, ओढ्याकडून, कोलमन कोळशाची बादली घेऊन वर येत होता, निळ्या जाकिटात. कपडे त्याचे, पण चाल नेहमीपेक्षा जड, डावा खांदा उतरलेला, फिंटनचा असायचा तसा. फिलोमिनानं ते आधीच पाहिलं होतं. तिनं ओठ घट्ट मिटले, मग उघडले. नाव नीट, सावकाश, एखादा परका शब्द उच्चारावा तसं उच्चारलं.

"कोलमन! चहा झालाय रे!"

वाटेवरचा माणूस थांबला. बादली खाली ठेवून त्यानं मागं वळून पाहिलं, आणखी कोण येतंय ते बघायला. ओढ्यापर्यंत सगळं रान मोकळं होतं.